अल्गॉल सलग आठ रात्री बघितला तरी मंद झालेला दिसला नाही, असं का?

तुमच्या पोस्टमध्ये तीन प्रश्न एकमेकांत अडकलेत, ते आधी सुटे करतो. तुम्ही नाशिकला गच्चीवरून सलग आठ रात्री, जेवण झाल्यावर नऊच्या सुमारास, ययाती तारकासमूहातला अल्गॉल बघितलात. तो दर २.८७ दिवसांनी मंद होतो असं वाचलं होतं, म्हणजे आठवड्यात दोनदा तरी सापडायला हवा होता, पण एकदाही फरक जाणवला नाही. मग डीएसएलआरने फोटो काढून आलेख केलात तर तो नुसता वरखाली उड्या मारतोय. आणि तिसरा प्रश्न असा की अल्गॉल म्हणजे एकमेकांभोवती फिरणारे दोन तारे, एकाने दुसऱ्याला झाकलं की ग्रहण, तर एका फेरीत दोन ग्रहणं व्हायला हवीत ना, मग सगळीकडे एकाबद्दलच का लिहितात.

मी बरीच वर्षं रूपविकारी, म्हणजे तेज बदलणाऱ्या, ताऱ्यांची निरीक्षणं करतोय, आधी नुसत्या डोळ्याने आणि आता जास्त करून कॅमेऱ्याने, आणि अल्गॉलच्या बाबतीत पहिली अडचण जवळजवळ सगळ्यांना हीच येते. तुमचे डोळे ठीक आहेत, ताराही ठीक आहे, घोळ फक्त वेळेचा आहे.

अल्गॉलचा आवर्तनकाळ २ दिवस २० तास ४९ मिनिटं, म्हणजे साधारण ६८.८ तास. त्यातलं ग्रहण सुरुवातीपासून शेवटापर्यंत जेमतेम १० तास चालतं, उरलेले ५९ तास तारा आपला २.१ प्रतीवर निवांत असतो. प्रत म्हणजे ताऱ्याच्या तेजाचं माप, आणि तिचा आकडा मोठा म्हणजे तारा मंद, हे माहीत असेलच. ग्रहणाच्या मध्याला तो ३.४ पर्यंत उतरतो, म्हणजे प्रकाश तिपटीपेक्षा थोडा जास्तच कमी होतो. पण त्या १० तासांतही सुरुवातीचे आणि शेवटचे दोन-दोन तास उतार इतका हळू असतो की नवख्या डोळ्याला काही कळत नाही. "अरे, हा आज बारीक दिसतोय" असं सहज म्हणावंसं वाटेल असा काळ मधला चार-पाच तासांचाच, आणि तो रात्रीच यायला पाहिजे, शिवाय तुम्ही गच्चीवर असताना.

आता तुम्ही रोज एकाच वेळी बघितलंत, तर काय होतं ते बघा. एकच आवर्तन धरा. ते तीन दिवसांना ३ तास ११ मिनिटं कमी आहे, म्हणून प्रत्येक ग्रहण आधीच्यापेक्षा तीन दिवसांनी पण सव्वातीन तास लवकर येतं. तुम्ही तारखा दिल्या नाहीत म्हणून उदाहरणादाखल समजू की पहिल्या दिवशी ग्रहणाचा मध्य दुपारी २ ला होता. पुढचा येणार चौथ्या दिवशी सकाळी १०:४९ ला, त्यापुढचा सातव्या दिवशी सकाळी ७:३८ ला. तिन्ही दिवसाउजेडी गेले आणि तुमच्या आठही रात्री नऊ वाजता तारा पूर्ण तेजस्वी होता. गावात दर तीन दिवसांनी दुपारी येऊन जाणारी एसटी रात्री नऊला स्टँडवर जाऊन शोधण्यातला प्रकार. गंमत म्हणजे याच उदाहरणात पुढचं ग्रहण दहाव्या दिवशी पहाटे साडेचारला आहे, मग तेराव्या दिवशी रात्री १:१६ ला, आणि त्यानंतर पंधराव्या रात्री १०:०५ ला. म्हणजे तुम्ही बघणं बंद केलंत त्याच्या पुढच्याच आठवड्यात मजा होती.

तेव्हा रोज बघायची गरज नाही. आधी मध्याच्या वेळा काढा, मग त्यातल्या सोयीच्या रात्री निवडा. अशी चांगली ग्रहणं तीन-चारच्या झुबक्याने येतात, पहिलं पहाटे, दुसरं मध्यरात्रीच्या आसपास, तिसरं रात्री नऊ-दहाला, मग ती मालिका संध्याकाळच्या उजेडात बुडते आणि साधारण तीन आठवड्यांनी तशीच परत येते (सात आवर्तनं म्हणजे २० दिवस आणि पावणेदोन तास, स्वतः गुणून बघा). वेळा ऑनलाइन कॅल्क्युलेटरवर मिळतात, आणि आमच्या मंडळींपैकी निम्मे लोक घसरतात ती जागा तिथेच आहे. बहुतेक ठिकाणी वेळ युनिव्हर्सल टाइममध्ये असते, तिच्यात साडेपाच तास मिळवायचे आणि तारीखही बदलायची. १२ तारखेला १९:३० लिहिलं असेल तर आपल्याकडे ती १३ तारखेची रात्रीची १ वाजताची वेळ, म्हणजे तुम्ही १२ च्या रात्री जागायचं, १३ च्या नाही. दुसरं म्हणजे जुन्या पुस्तकातलं कोष्टक वापरू नका. अल्गॉलचा आवर्तनकाळ किंचित बदलत राहतो, आणि वर्षात साधारण १२७ आवर्तनं होत असल्याने आवर्तनकाळात एका सेकंदाची चूक असली तर वर्षाला दोन मिनिटांचा फरक साठतो. तीस-चाळीस वर्षं जुनं कोष्टक असेल तर हिशोब करा.

आता बघायचं कसं. "मंद वाटतोय का" असं स्वतःला विचारून उपयोग नाही, डोळ्याला काल रात्रीचं तेज आठवत नाही. डोळा एकच गोष्ट उत्तम करतो, एकाच वेळी दिसणाऱ्या दोन ताऱ्यांत कोण जास्त ठळक ते सांगतो. म्हणून शेजारचे स्थिर तारे ठरवून घ्यायचे. अल्गॉल, ययातीतला सगळ्यात ठळक तारा मिर्फाक (१.८) आणि देवयानीच्या टोकाचा अल्माक (२.१ च्या आसपास) यांचा त्रिकोण होतो, तो एकदा ओळखला की परत शोधावं लागत नाही. नेहमीच्या दिवशी अल्गॉल अल्माकएवढाच दिसतो. खालच्या पायऱ्यांना ययातीतलेच एप्सिलॉन (२.९) आणि डेल्टा (३.०) घ्या, तळाला त्रिकोण तारकासमूहातला अल्फा (३.४) आणि अजून खाली कप्पा पर्सेई (३.८). एक तारा मात्र अजिबात घेऊ नका, तो म्हणजे अल्गॉलच्या अगदी जवळ, दोनेक अंशांवर असलेला लालसर ऱ्हो पर्सेई. तो सोयीचा दिसतो, सगळ्यांचा हात आधी तिकडेच जातो, पण तो स्वतःच रूपविकारी आहे, ३.३ ते ४ च्या दरम्यान कुठेही असू शकतो.

निवडलेल्या रात्री मध्याच्या तीन तास आधीपासून तीन तास नंतरपर्यंत दर १५-२० मिनिटांनी एक अंदाज लिहायचा. कसा, तर समजा अल्गॉल अल्माकपेक्षा मंद आणि एप्सिलॉनपेक्षा ठळक आहे, आणि त्या दोघांतल्या अंतराच्या साधारण अर्ध्यावर वाटतोय, तर २.५ लिहा. पुढच्या वेळी आधीचा आकडा झाकून ठेवा, नाहीतर मन आपोआप सरळ रेषा काढायला लागतं. बघताना डोकं असं वळवा की दोन्ही तारे डोळ्यांच्या रेषेला समांतर येतील, एक वर एक खाली असेल तर अंदाज चुकतो. आणि लालसर-नारिंगी ताऱ्याकडे टक लावून बघितलं की तो हळूहळू जास्त ठळक वाटायला लागतो. अल्माक नारिंगी आहे, त्याच्याकडे नुसती नजर टाकायची आणि परत यायचं.

नाशिककडून अल्गॉल मध्यमंडलावर, म्हणजे आपल्या वाटेतल्या सगळ्यात उंच जागी, असताना साधारण ६९ अंश उंच येतो, डिसेंबरच्या सुरुवातीला रात्री अकराच्या सुमारास आणि जानेवारीच्या सुरुवातीला नऊच्या सुमारास. म्हणजे नोव्हेंबर ते जानेवारी हा सरळ सोपा मोसम. फेब्रुवारीत तो संध्याकाळीच पश्चिमेकडे कललेला असतो, तेव्हा उंचीचा विचार करावा लागतो, कारण तारा जितका खाली तितकी हवा जास्त प्रकाश खाते आणि अल्माक तर अल्गॉलच्या आधीच खाली जातो. तेव्हा एप्सिलॉन आणि डेल्टावरच भर द्यावा. शहरातून ३.४ प्रतीचा तारा दिसतो का, हे तुमच्या गच्चीवर अवलंबून आहे. समोर हायमास्ट असेल तर छोटी दुर्बीण घ्या, पण मग सगळे तारे दुर्बिणीतूनच बघा, एक नुसत्या डोळ्याने आणि एक दुर्बिणीतून असं चालत नाही.

यातून काय मिळवायचं, यावर माझं मत जरा ठाम आहे. नवीन माणूस "किती मंद झाला" यामागे लागतो. पण ती खोली तर पुस्तकात लिहिलेलीच आहे, दर ग्रहणात तीच असते. तुमच्याकडून मिळण्यासारखी खरी गोष्ट म्हणजे मध्याची वेळ, कारण तीच बदलते. आता तळाशी तेज इतकं हळू बदलतं की नेमका सगळ्यात मंद क्षण बघून सांगता येत नाही, पण चढ आणि उतार मात्र झपाट्याने होतात. म्हणून उतरताना अल्गॉल एप्सिलॉनच्या बरोबरीला कधी आला ते लिहा आणि चढताना परत बरोबरीला कधी आला ते लिहा. समजा ९:५५ आणि १:०५, तर मध्य ११:३०. हेच डेल्टाबरोबर करा, अजून एखाद्या पातळीला करा, आणि सगळ्यांची सरासरी घ्या. नुसत्या डोळ्याने केलेल्या या कामात दहा-पंधरा मिनिटांच्या आत उत्तर आलं तरी मी खूश असतो. अठराव्या शतकात यॉर्कच्या जॉन गुडरिकने हेच केलं, तो बहिरा होता, वय अठराच्या आतबाहेर, १७८२ च्या नोव्हेंबरपासून नुसत्या डोळ्याने अल्गॉलचा माग काढला आणि १७८३ मध्ये रॉयल सोसायटीला कळवलं. त्याने पुढे सुधारून दिलेला आवर्तनकाळ आजच्या आकड्यापासून मिनिटभरही लांब नाही, तो कसा? एका ग्रहणाची वेळ काही मिनिटांनी चुकली तरी मधे अनेक आवर्तनं सोडून दोन ग्रहणांतलं अंतर घेतलं आणि आवर्तनांच्या संख्येने भागलं की ती चूक वाटली जाते. त्याने दोन शक्यता मांडल्या होत्या, एखादा काळा सोबती समोरून जातोय किंवा ताऱ्याच्या एका बाजूला डाग आहेत. पहिली बरोबर होती, पण पुरावा यायला १८८९ साल उजाडलं, जेव्हा जर्मनीत पॉट्सडॅमला खगोलशास्त्रज्ञ हेर्मान फोगेलने वर्णपटातल्या रेषा सरकताना पकडल्या. ग्रहणाआधी तेजस्वी तारा आपल्यापासून लांब जात होता आणि ग्रहणानंतर आपल्याकडे येत होता, सोबत्याच्या मागून वळसा घालणारा तारा जसा जाईल अगदी तसा.

आता दुसऱ्या ग्रहणाकडे. तुमची शंका बरोबर आहे, फेरीत दोन ग्रहणं होतात. पण किती प्रकाश कमी होणार हे झाकणारा तारा किती मोठा आहे यापेक्षा झाकलेला पृष्ठभाग किती प्रखर आहे यावर जास्त अवलंबून असतं. इथे दोन अगदी विजोड तारे आहेत. एक निळसर पांढरा, तापमान सुमारे १३,००० केल्विन, वस्तुमान सूर्याच्या तिपटीहून थोडं जास्त. दुसरा नारिंगी, सुमारे ४,५०० केल्विन, आकाराने पहिल्यापेक्षा मोठा पण वस्तुमान सूर्याच्या ०.७ पट. नारिंगी तारा पुढे आला की प्रखर पृष्ठभागाचा मोठा भाग झाकला जातो आणि प्रत १.३ ने उतरते. अर्ध्या फेरीनंतर उलट होतं, तेव्हा झाकला जातो तो नारिंगी ताऱ्याचा मुळातच कमी उजळ पृष्ठभाग, म्हणून दृश्य प्रकाशात घट प्रतीच्या काही शतांशच होते. डोळ्याला ०.१ च्या खालचा फरक कळत नाही, त्यामुळे डोळ्याने बघणाऱ्याच्या दृष्टीने दुसरं ग्रहण नाहीच. अवरक्त प्रकाशात बघितलं तर ते बऱ्यापैकी खोल दिसतं, कारण तिथे थंड ताऱ्याचा वाटा वाढतो. कक्षा आपल्याला पूर्ण कडेवरून दिसत नाही, किंचित तिरकी आहे, म्हणून मुख्य ग्रहणही खंडग्रासच होतं आणि आलेखाचा तळ सपाट नसून टोकदार येतो. शिवाय तिसरा एक ताराही आहे, तो साधारण ६८० दिवसांत या जोडीभोवती फिरतो, ग्रहणात भाग घेत नाही पण त्याचा प्रकाश कायम मिसळलेला असतो.

आणि कमी वस्तुमानाचा तारा आधी म्हातारा कसा झाला, हे कोडं लोकांना बराच काळ छळत होतं, कारण जड तारे इंधन लवकर संपवतात असा नियम. उत्तर असं निघालं की आजचा हलका तारा मुळात जड होता, तो फुगला आणि त्याच्या बाहेरच्या थरातलं वस्तुमान शेजाऱ्याकडे वाहून गेलं. आवर्तनकाळ बदलतो त्यामागे या देवघेवीचा हात आहेच, शिवाय तिसऱ्या ताऱ्यामुळे जोडी जरा पुढेमागे झाली की ग्रहणाची बातमीही जरा लवकर-उशिरा पोचते. यावर वेगळं लिहावं लागेल, इथे थांबतो.

आता तुमचा आलेख. जेपेग वापरलात असं लिहिलंय, तर उड्या तिथूनच सुरू झाल्यात. जेपेग बनवताना कॅमेरा तेजाचे आकडे वाकवतो आणि प्रत्येक फोटोला थोडं वेगळं वाकवू शकतो, त्यामुळे रॉ, म्हणजे कॅमेऱ्याच्या मूळ न बदललेल्या फाइलशिवाय हे काम करू नये. ५० मिमी लेन्स पुरे, आयएसओ ४०० च्या आसपास, एक्स्पोजर ५ ते ८ सेकंद, आणि फोकस मुद्दाम थोडा बिघडवायचा. सुरुवातीला हे जिवावर येतं, एवढा छान फोकस मिळालेला असतो. पण टोकदार फोकसमध्ये ताऱ्याचा सगळा प्रकाश दोन-तीन पिक्सेलवर पडतो, ते भरून वाहतात आणि पूर्ण तेजातला अल्गॉल कापला जातो. तारा दहा-बारा पिक्सेल रुंद पसरला आणि सगळ्यात उजळ पिक्सेल कमाल मर्यादेच्या ७० टक्क्यांच्या आत राहिला की काम झालं. एका वेळी एकच फोटो न घेता दहा घ्या, हिरव्या चॅनलवर मोजा आणि सरासरी काढा, कारण लुकलुकण्यामुळे एकेका फोटोत तेज सहज इकडेतिकडे होतं. मोजायला सिरिल किंवा ॲस्ट्रोइमेजजे ही दोन्ही सॉफ्टवेअर फुकट आहेत, जे जमेल ते वापरा.

मोजताना अल्गॉलचा आकडा एकटा बघायचा नाही, एप्सिलॉनच्या तुलनेत बघायचा, म्हणजे पातळ ढग किंवा धुरकं आलं तरी दोघांवर सारखंच येतं. त्याच फोटोत डेल्टाही एप्सिलॉनच्या तुलनेत मोजा. दोघेही अल्गॉलसारखेच निळसर पांढरे आहेत म्हणून कॅमेऱ्याला रंगाची भानगड कमी होते (अल्माक कॅमेऱ्यासाठी नकोच). हे दोघे एकमेकांच्या तुलनेत जवळजवळ स्थिर राहायला हवेत, तुमच्या फोटोंत त्यांच्यातला फरक ०.१ ने हलत असेल तर अल्गॉलच्या आकड्यांतही किमान तेवढी चूक आहे असं समजा, आणि ती कमी होईपर्यंत अल्गॉलच्या आलेखावर काही बोलू नका. चांगल्या रात्री ०.०२-०.०३ पर्यंत पोचता येतं. दुसरं ग्रहण पकडायचं असेल तर त्याहून खाली जावं लागतं, ते अशक्य नाही पण पहिल्या मोसमात त्याच्या नादी लागू नये असं मला वाटतं.

शेवटची चूक आलेखाच्या आडव्या अक्षावर आहे. तुम्ही तिथे तारखा टाकल्यात. वेगवेगळ्या रात्रींचे तुकडे तारखेने मांडले तर आकार कधीच दिसणार नाही. प्रत्येक निरीक्षणाच्या वेळेतून ग्रहणाच्या एका माहीत असलेल्या मध्याची वेळ वजा करा, सगळं दिवसांत, २.८६७३ ने भागा आणि पूर्णांक टाकून फक्त दशांश ठेवा. तो दशांश आडव्या अक्षावर घ्या. सगळ्या रात्री एकमेकांवर येऊन बसतात, आणि ० च्या आजूबाजूला दोन्हीकडे मिळून ०.१४ रुंदीची दरी दिसायला हवी. तुमचे सध्याचे आकडे असे मांडलेत तर मला वाटतं त्या दरीत एकही बिंदू नसेल, आणि तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर तुमच्याच आलेखातून निघेल. पृथ्वी सूर्याभोवती फिरते म्हणून प्रकाश आपल्यापर्यंत कधी थोडा लवकर कधी थोडा उशिरा पोचतो, जास्तीत जास्त आठेक मिनिटांचा फरक, ती दुरुस्ती डोळ्याच्या निरीक्षणाला सोडून दिली तरी चालते, कॅमेऱ्याने मध्य काढायला लागाल तेव्हा करा.

म्हणजे आता करायचं एवढंच, पुढच्या महिनाभरातले मध्य काढा, भारतीय वेळेत बदला, रात्री साडेनऊ ते साडेबाराच्या मधे पडणारे एक-दोन निवडा आणि ती एकच रात्र सहा तास सलग बघा, पहिल्यांदा डोळ्याने, कॅमेरा बाजूला स्टँडवर आपला चालू राहू दे. आणि त्या आठ रात्रींच्या तारखा आणि मूळ वेळा असतील तर इथे टाका, भारतीय वेळ आहे की युनिव्हर्सल तेवढं लिहा, त्यांचा दशांश मी काढून देतो.